माईकबाई गाण्याला गेली

बसस्टँडवर तिला सगळे माईकबाई म्हणत. तिकीट खिडकीतले, कंडक्टर, झाडलोट करणाऱ्या बाया, पार्सलखोलीतला हमाल, सगळेच. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच ते सुखात होतं. पार्सलखोलीच्या डोक्यावर तिची खोली. लोखंडी जिन्यानं चढून जायचं. एखाद्या कपाटाला खिडकी बसवली तर जेवढी होईल तेवढी. एक खुर्ची, एक माईक, पाण्याचा तांब्या आणि गाड्यांचं वेळापत्रक. तिथून ती दिवसभर सांगायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बंदराकडे जाणारी गाडी, दगडखाणीमार्गे, फलाट क्रमांक चारवर उभी आहे."

तिला तिथं बसवलं ते एका पडशानं. पडसं तिला नव्हतं, आधीच्या अनाउन्सरला होतं. ती तेव्हा खाली चौकशीच्या खिडकीत असायची. एका सकाळी आगारप्रमुख धापा टाकत आले आणि म्हणाले, "बाई, तुमचा गळा बरा आहे ना? मग चला वर." आधीचा अनाउन्सर आठवड्यात बरा झाला, पण परत जिना काही चढला नाही. त्याच्या गुडघ्यांना चौकशीची खिडकी फार मानवली होती. साहेबांनी माईकबाईला पहिल्याच दिवशी तंबी दिली, "हे बघा, आवाजात माया नको, राग नको आणि घाई तर अजिबात नको. तुम्ही जरा घाई केलीत की खाली चेंगराचेंगरी. भिंत बोलली तर कशी बोलेल? तसं बोला."

माईकबाई भिंतीसारखं बोलायला शिकली. गाडी वेळेवर असो, उशिरा असो, नाहीतर मधेच बंद पडून धक्के खात येवो, तिच्या आवाजाची इस्त्री मोडायची नाही.

गळा म्हणजे रोजी. म्हणून घरी ती गळ्याला जपायची. बोलायची ती हळू, आणि जमेल तेवढं हातवाऱ्यांनी. नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. तो पाहुण्यांना सांगे, "माझ्या बायकोचा आवाज ऐकायचा तर मला फलाटावर जाऊन बसावं लागतं. घरी काय, मूकपट."

या मूकपटात आवाज भरायचं काम वन्संकडे होतं. वन्सं म्हणजे नवऱ्याची पाठची बहीण. वयानं माईकबाईपेक्षा थोडी मोठी, अंगानं बरीच मोठी आणि बोलण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. ती एका मोठ्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्री करायची. वाफेच्या यंत्रांचा तिथं एवढा धडधडाट, की माणसानं ओरडूनच बोलावं. तीच सवय घरी आली होती. शेजारच्या जिन्यात राहायची आणि दार न वाजवता यायची.

चिमणी घरात आली तीही वन्संच्याच मागून. चिमणी ही गायिका. तिचे चाहते तिला चिमणी म्हणत, कारण मूर्ती एवढीशी, मान सारखी इकडेतिकडे, आणि गिटार तिच्यापेक्षा मोठी दिसायची. जात्यावरच्या, खळ्यावरच्या, पाळण्याच्या जुन्या चाली घ्यायची आणि त्यावर स्वतःचे शब्द बांधायची. शब्द तरी कसले? घरातलेच. वन्संनी लाँड्रीच्या रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं आणि तापलेली इस्त्री तशीच ठेवून उभी राहिली. हॉटेलची उशीची खोळ जळाली. संध्याकाळी येऊन तिनं वहिनीला ते गाणं सगळं म्हणून दाखवलं, पार बेसूर:

*मागच्या दारानं आला वारा, पुढच्या दारानं गेला,*
*जाता जाता मेला माझा दिवा विझवून गेला.*

"वहिनी, 'मेला' ऐकलंस का? वाऱ्याला मेला म्हणते! आपण घरात म्हणतो तस्सं!"

माईकबाई हसून हसून खाली बसली. त्या दिवसापासून दोघींना वेड लागलं. रविवारी दोघी मिळून धुणं वाळत घालायच्या आणि फोनवर चिमणी लावायच्या. वन्सं गळा काढून गायची. माईकबाई नुसते ओठ हलवायची.

"अगं, गा की जरा! इथं कोण तुझा पगार कापणार आहे?"

"उद्या सकाळची पाळी आहे, वन्सं," माईकबाई कुजबुजायची.

आणि मग एका दुपारी वन्सं लाँड्रीच्या ॲप्रनवरच स्टँडवर आली, लोखंडी जिना दणदणत वर चढली आणि दार ढकलून म्हणाली, "चिमणी येतेय! आपल्या नाट्यगृहात! तिकिटं काढून आणलीत!"

माईक सुरू होता.

खाली सगळ्या फलाटांवर ते खणखणीत ऐकू गेलं. एक कंडक्टर शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिला. माईकबाईनं झडप घालून बटण बंद केलं, वन्संकडे डोळे वटारले, तांब्यातलं पाणी प्यायलं, पुन्हा बटण सुरू केलं आणि भिंतीच्या आवाजात म्हणाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. टेकडीवरच्या वसाहतीकडे जाणारी गाडी फलाट दोनवर उभी आहे." मग बटण बंद करून ती वन्संच्या गळ्यातच पडली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नवऱ्यानं दारातच बजावलं, "अगं, घशाला जप. ओरडू नकोस. उद्या सोमवार आहे, स्टँडवर किती गर्दी असते." त्यालाही चल म्हणाल्या होत्या, पण तो म्हणाला, "वारा दिवा विझवून गेला, हे ऐकायला पैसे कशाला द्यायचे? आमच्याकडे फुकट विझतो." बहिणीनं त्याला दारामागं ढकललं आणि दोघी निघाल्या.

नाट्यगृहाबाहेर हीऽऽ गर्दी! एका माणसानं चिमणीचं चित्र स्वतःच्या सदऱ्यावर स्वतःच रंगवलं होतं. ते चिमणीपेक्षा कोंबडीसारखं जास्त दिसत होतं, पण तो छाती काढून फिरत होता. एक म्हातारं जोडपं पहिलं गाणं कुठलं होणार यावरून हमरीतुमरीवर आलं होतं. कॉलेजातल्या एका मुलीला आताच रडू फुटलं होतं. तिची मैत्रीण तिला म्हणत होती, "अगं, अजून दारसुद्धा उघडलं नाही! रुमाल पुरवून वापर!" वन्सं ज्याला त्याला उशीच्या खोळीची गोष्ट सांगत सुटली. दर वेळी सांगताना खोळीच्या जागी काहीतरी मोठं येत होतं. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत हॉटेलची गादी पेटली होती.

दार उघडलं मात्र, रांगेची पार वाट लागली. पुढचे मागे, मागचे पुढे, म्हातारबुवांचा चष्मा कुणाच्या तरी कोपरानं उडाला, आणि दारातला पोरसवदा कार्यकर्ता "अहो, अहो, ऐका" म्हणत राहिला. त्याचं कोण ऐकतो! माईकबाईनं म्हातारबुवांचा चष्मा पायदळी जाताना पाहिला आणि तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं. माईक नव्हता, पण आवाज तोच.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सर्वांनी एका रांगेत उभे राहावे. घाई करू नये."

आणि काय सांगावं! सगळी गर्दी जागच्या जागी थांबली. माणसं एकामागे एक उभी राहिली. एकानं तर सवयीनं हातातली पिशवी दोन पायांमध्ये ठेवली. कोंबडीवाल्या सदऱ्याचा माणूस हळूहळू मागं वळला.

"हा आवाज..." तो म्हणाला. "बाई, तुम्ही स्टँडवरच्या?"

माईकबाईनं मान खाली घातली. वन्संनी मात्र तिचा हात धरून वर केला, कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचा करतात तसा. "हो! हीच ती! माझी वहिनी!"

मग काय, धमालच उडाली. "अय्या, मला वाटायचं ती टेप आहे!" "मी तर समजत होतो तुम्ही खूप उंच असाल." चष्मा परत नाकावर आलेल्या म्हातारबुवांनी बायकोला सांगितलं, "बघ, या बाई मला रोज सकाळी बोलावतात आणि मी जातो. तू बोलावतेस तेव्हा मी जातो का?" बायको म्हणाली, "त्या नीट बोलावतात, एवढंच." रडणारी मुलगी डोळे पुसून पुढं आली. "काकू, माझं गाव म्हणा ना! कारखाना फाटा! एकदाच!" माईकबाईनं लाजत लाजत "कारखाना फाटा" म्हटलं, आणि ती पोरगी पुन्हा रडायला लागली. मग रांगेतला जो तो आपापला थांबा म्हणवून घेऊ लागला. आयुष्यात पहिल्यांदाच माईकबाईला कळलं, की आपल्यालाही चाहते आहेत. 

आत दिवे मंदावले आणि चिमणी रंगमंचावर आली. साधी सुती साडी, पायात काही नाही, गळ्यात ती भली मोठी गिटार. तिनं तोंड उघडण्याआधीच लोकांनी छत डोक्यावर घेतलं. पहिलं गाणं म्हातारीनं सांगितलं होतं तेच निघालं. तिनं नवऱ्याच्या गुडघ्यावर अशी थाप मारली, की तो कळवळला. 'मागच्या दारानं' सुरू झालं आणि 'मेला' आला तेव्हा सगळं नाट्यगृह एका तोंडानं "मेलाऽऽ" म्हणून ओरडलं. माईकबाई ओठ हलवत होती. वन्संनी ढोसलं. "वहिनी, इथं तरी गा!"

माईकबाईनं आधी गुणगुणून पाहिलं. मग जरा मोठ्यानं. मग तिला आपलाच आवाज ऐकू आला, भिंतीचा नव्हे. जाड, हसरा, थोडा फाटका. तिला तो इतका आवडला की पुढच्या 'मेल्या'ला ती खुर्चीवरून उठून ओरडली. पुढच्या रांगेतल्या गृहस्थानं कानात बोट घालून मागं पाहिलं आणि तोही हसला. त्यानंतर ती काही बसली नाही. टाळ्या पिटल्या, पाय आपटले, वन्संच्या पाठीवर ठेका धरला. सोमवार कुठल्या कुठं गेला.

मग चिमणीनं ते गाडीचं गाणं धरलं:

*उशिराने, उशिराने, गाडी येई उशिराने,*
*कुणी गेलं वेळेवर नि कुणी आलं उशिराने.*

या गाण्याच्या मध्यात चिमणी नाक चिमटीत धरून स्टँडवरची अनाउन्समेंट करायची. सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं नाकाकडे हात नेला, तोच कोंबडीवाला उभा राहिला आणि ओरडला, "खोटी नको! खरी आहे इथं!"

चिमणी थांबली. "खरी काय आहे?"

"खरी बाई! स्टँडवरची!" रडणारी मुलगी ओरडली. "खरी! खरी!" म्हणत सगळी रांग ओरडायला लागली. माईकबाई खुर्चीखाली शिरायला बघत होती, पण वन्संनी तिला मागून दोन्ही हातांनी उचललंच. चादरींचे गठ्ठे उचलून उचलून हातांत बळ आलेलं. वहिनी काय, उचलली गेली.

चिमणीनं डोळ्यांवर हात धरून अंधारात पाहिलं. "बाई, कराल का? माझं नाक वाचेल."

कुणीतरी माईक पुढं पाठवला. हातोहात तो माईकबाईपर्यंत आला. हातात माईक पडला आणि तिची लाज एकदम पळाली. हे तर रोजचं काम. तिनं घसा खाकरला. पण काय म्हणायचं ते ठरवलंच नव्हतं, तेव्हा जे वर्षानुवर्षं म्हटलं तेच आलं, फक्त या वेळी आवाजात सगळी संध्याकाळ भरलेली होती.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! बंदराकडे जाणारी शेवटची गाडी, दगडखाणीमार्गे, फलाट क्रमांक चारवरून आता सुटत आहे!"

वर बाल्कनीत एक गृहस्थ ताडकन उठले. बहुधा डुलकी लागली होती. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि "सरका, सरका, गाडी सुटली" म्हणत लोकांच्या मांड्यांवरून निघाले. त्यांच्या बायकोनं सदऱ्याचं टोक धरून ओढलं. "अहो बसा! गाण्याला आलोय आपण!"

"अगं, पण शेवटची आहे ती!"

नाट्यगृहात एकच हशा उसळला. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. चिमणीनं गिटार बाजूला ठेवली, जमिनीवर बसली आणि पदरात तोंड घालून हसली. दोनदा उठून गाणं सुरू करायला गेली, दोन्ही वेळा "उशि..." म्हणून पुन्हा हसत सुटली. शेवटी गाणं लोकांनीच पूर्ण केलं, ती नुसती मान डोलवत राहिली. बाल्कनीतल्या गृहस्थांना टाळ्या पडल्या. त्यांनी उभं राहून त्या घेतल्यासुद्धा.

कार्यक्रम संपल्यावर चिमणीनं दोघींना आत बोलावून घेतलं. माईकबाईनं या भेटीची किती वेळा मनात तालीम केली होती! धुणं वाळत घालताना, जिना चढताना, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. अमुक विचारीन, तमुक सांगीन. चिमणीनं तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "बाई, नाव काय तुमचं?"

माईकबाईनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. हवा आली. गळा पार बसला होता.

"ती म्हणतेय," वन्संनी लगेच सूत्रं हातात घेतली, "की तिला तुमची सगळी गाणी पाठ आहेत. आणि ती म्हणतेय, की तुमच्यापायी माझ्या हातून हॉटेलचा पडदा जळाला."

माईकबाई जोरजोरात मान हलवत होती: असं काही म्हणत नाहीये. चिमणी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मग तिनं वाकून माईकबाईच्या कानाशी विचारलं, "गळा माझ्या गाण्यात गेला का?" माईकबाईनं मान डोलावली, अशा काही आनंदानं, जणू बक्षीसच मिळालं.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळी गोष्ट सांगितली ती दोघींनी मिळून; एक हातवारे करी, दुसरी आवाज भरी. बाल्कनीतला गृहस्थ करून दाखवताना माईकबाई खाटेवरून दाराकडे उशी खांद्याला लावून धावली. नवरा हसता हसता म्हणाला, "आणि उद्या काय करणार?"

उद्या काय व्हायचं ते झालं. सकाळी तिनं माईक सुरू केला आणि "प्रवाशांनी" एवढं म्हटलं, तर गंजलेलं फाटक उघडल्यासारखा आवाज निघाला. खाली सगळ्या फलाटांवरच्या माना एकदम कर्ण्याकडे वळल्या. तिनं पाणी प्यायलं, पुन्हा प्रयत्न केला. "बंद... रा..." या वेळी बदक. साहेब जिना चढत आले. "बाई, पडसं झालं का?"

माईकबाईनं प्रामाणिकपणे मान हलवली: नाही. मग दोन्ही हात हवेत नेऊन, कंबर हलवून, काल काय झालं ते थोडक्यात करून दाखवलं. साहेबांना इतक्या वर्षांत तिच्या अंगात एवढी हालचाल आहे हे ठाऊकच नव्हतं. ते दोन पायऱ्या मागं सरकले.

तेवढ्यात खालून कुणीतरी गायला लागलं: "उशिराने, उशिराने..." फलाट चारवर तो कोंबडीवाला उभा होता; आज सदरा दुसरा, पण माणूस तोच. त्याच्या जोडीला कारखाना फाट्याची मुलगी आली, म्हातारबुवा आले, मग ज्यांना गाणं ठाऊकही नव्हतं असे लोक टाळ्या देऊ लागले. बंदराची गाडी खरंच उशिरानं होती, त्यामुळे सगळ्यांना वेळही भरपूर होता. ड्रायव्हर आला तेव्हा त्याला वाटलं आपलं स्वागतच चाललंय. त्यानं हॉर्न वाजवून आभार मानले.

साहेबांनी काचेतून खाली पाहिलं, डोकं खाजवलं आणि चौकशीच्या खिडकीतल्या गुडघेवाल्याला वर यायला सांगितलं. तो बिचारा दर पायरीला एक उसासा टाकत आला. माईकबाई शेजारी बसून त्याला वेळापत्रकातल्या गाड्या बोटानं दाखवत राहिली. त्यानं फलाट दोनची गाडी पाचवर सांगितली की ती टेबलावर थाप मारायची, आणि ती थापही माईकमधून सगळ्यांना ऐकू जायची.

आवाज गुरुवारी परत आला. पहिल्यासारखा सपाट मात्र नाही; तळाशी थोडी खरखर राहिली, आणि शेवटच्या गाडीची घोषणा करताना तिला आतून हसू यायचं, ते काही लपायचं नाही. एका प्रवाशानं तक्रार केली, की बाई शेवटची गाडी सुटल्याचं सांगताना खूश वाटतात. साहेबांनी तक्रार वाचली, वर येऊन तिला वाचून दाखवली आणि विचारलं, "खरं आहे का हे?"

"थोडंसं," माईकबाई म्हणाली.

"बरं," साहेब म्हणाले. "ही चिमणी पुन्हा कधी येणार आहे? आमच्या घरात विचारत होते."

महिन्याभरात चिमणी शेजारच्या शहरात आली. या वेळी वन्संनी तीन तिकिटं काढली आणि भावाला विचारलंच नाही, त्याची पान्यांची पेटी लपवली आणि सांगितलं, "चल, नाहीतर सापडणार नाही." बसमध्ये तो हाताची घडी घालून बसला होता आणि सगळ्या वाटेनं सांगत होता, की मी फक्त पेटीसाठी येतोय. मध्यंतराआधीच तो खुर्चीवर चढून ओरडत होता. माईकबाई त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढत होती आणि स्वतःही ओरडत होती. वन्सं दोघांच्या मागं उभी राहून आजूबाजूच्यांना सांगत होती, की यांना मी ओळखत नाही.